तपकिरी लोकरीचे भाऊ

मी एक जुना फळा आहे. मित्रांनो, शाळेतला खडूचा फळा डोळ्यांसमोर आणू नका. माझ्या अंगावर कोणी कधी एक अक्षरही लिहिलेले नाही. प्लायवूडची एक फळी, तिच्यावर ताणून ठोकलेले निळे फ्लॅनेल आणि टांगायला दोरी, एवढाच माझा देह. माझ्यावर फेल्टची कापडी माणसे चिकटतात. हलकेच दाबली की उभी राहतात, दोन बोटांनी ओढली की निघून येतात. लहान मुलांना गोष्ट सांगायला याहून सोपे साधन नाही. आज मात्र मी माझीच गोष्ट सांगणार आहे, आणि ती सांगताना मला लाज वाटते, हे आधीच कबूल करतो.

माझा जन्म १९७२ साली न्यूझीलंडमध्ये, पोरिरुआला झाला. तिथे चढावरच्या, मॉर्मन या अमेरिकी ख्रिस्ती पंथाच्या एका छोट्या चर्चमध्ये हुइया नावाची तरुण, तिथल्या मूळच्या माओरी लोकांतली बाई दर रविवारी लहान मुलांना शिकवायची. तिच्या नवऱ्याने, विरेमूने, फळी कापून कडा घासून दिल्या. फ्लॅनेल हुइयाने ताणले आणि मग ती माणसे कापायला बसली. दुकानातून आणलेल्या पाकिटात फिकट रंगाचे फेल्ट भरपूर होते. तपकिरी एक तुकडाही नव्हता, आणि गोष्टीला तर तपकिरी माणसे हवीच होती.

ती गोष्ट त्यांच्या धर्मग्रंथातली. एका घरातले काही भाऊ देवाचे ऐकतात, दोघे ऐकत नाहीत. न ऐकणाऱ्यांवर देव रागावतो आणि त्यांची कातडी काळी होते. पुष्कळ पिढ्यांनी त्यांच्या वंशातली काही माणसे सुधारतात, तेव्हा ती पुन्हा गोरी होतात. या बेटांवरचे लोक त्याच बिघडलेल्या भावांच्या वंशातले, असे हुइयाला लहानपणापासून सांगण्यात आले होते. तिने ते खाली मान घालून ऐकले होते. तिने आपला जुना लोकरी स्कर्ट कात्रीखाली घेतला आणि दोन तपकिरी भाऊ कापले. कापणारी बोटे आणि ते भाऊ अगदी एका रंगाचे होते. मी समोरच होतो. तिचा हात एकदा थांबला आणि मग तिने काम पुरे केले.

पुढची पंधरा वर्षे माझे काय कौतुक झाले म्हणता! मी खोलीत आलो की मुले पुढे सरकून बसत. हुइया गोष्ट रंगवून सांगे आणि ऐन क्षणी दोन फिकट भाऊ ओढून काढून त्यांच्या जागी तपकिरी चिकटवे. मुले "ओह!" करत. मी कौतुकाने हुरळून जायचो. त्यांत माओरी आणि आसपासच्या बेटांवरची सामोअन, टोंगन मुलेही असत आणि तपकिरी भाऊ आले की त्यांतली काही आपले हात मांड्यांखाली घेत. मला ते दिसायचे. थंडी असेल, असे मी स्वतःला सांगायचो.

मग विरेमू गेला, हुइयाने शिकवणे सोडले, व्हिडिओ आले. माझी रवानगी जास्तीच्या भजनपुस्तकांमागे, कपाटात झाली. बंद दारातूनही बातम्या येत. २०१३ च्या शेवटी, काळी कातडी हा देवाचा शाप ही जुनी समजूत आम्ही मानत नाही, असे चर्चच्या अमेरिकेतल्या मुख्यालयाने लेखी जाहीर केले. दोघे जण कपाटासमोर उभे राहून त्यावर बोलत होते. चांगले झाले, असे म्हणून ते गेले. कपाट काही कोणी उघडले नाही. माझ्या पाठीमागच्या पाकिटात ते दोघे भाऊ तसेच पडून राहिले.

कपाट उघडले ते २०१५ च्या फेब्रुवारीत, आणि तेही वर्गातला टीव्ही बिघडला म्हणून. सिस्टर पिअर्स (या चर्चमध्ये सगळ्याच बायकांना सिस्टर म्हणतात) ही नवी बाई मुलांना शिकवत होती. गोरी, हसरी, मुलांसाठी घरून बिस्किटे करून आणणारी. तिच्या मनात काळेबेरे काही नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. तिने माझ्यावरची धूळ पुसली, पाकिटातले जुने टिपण वाचले आणि त्याबरहुकूम गोष्ट सुरू केली. भाऊ बदलायची वेळ आली तेव्हा तिने विचारले, "कोण येतंय लावायला?" सगळ्यात आधी हात वर झाला तो मैत्रेयीचा.

मैत्रेयी बेडेकर, वय आठाला महिनाभर कमी. तिची आई अनुराधा पुण्याची, वेलिंग्टनच्या एका ऑफिसात इंजिनिअर. तीन वर्षांपूर्वी तिचे ऑपरेशन झाले तेव्हा ओळख ना पाळख अशा या चर्चच्या बायका दहा दिवस लोअर हटच्या तिच्या घरी डबे पोचवत होत्या, तेही मांस न घातलेले. तिथेच ती ओढली गेली आणि वर्षभरात चर्चची झाली. नवरा रमण हिंदूच राहिला. दर रविवारी तो दोघींना सोडायचा आणि गाडीत बसून क्रिकेट ऐकायचा. आता मैत्रेयीला आठ पुरी होणार होती. या चर्चमध्ये आठव्या वर्षी मुलांना पांढरे कपडे घालून हौदातल्या पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात. चौदा मार्चचा शनिवार ठरला होता. परवानगीच्या कागदावर रमणने सहीसुद्धा केली होती.

मैत्रेयीने फिकट भाऊ काढले आणि तपकिरी लावले. मागून एक पोर ओरडले, "मिस, शी मॅचेस!" आणि खरेच, तिची सावळी बोटे त्या लोकरीवर होती. वर्ग हसला. सिस्टर पिअर्स लालबुंद झाली. तिने मैत्रेयीला जवळ घेतले आणि समजुतीच्या स्वरात सांगितले, "अगं, हे मनाबद्दल आहे, रंगाबद्दल नाही. आणि बघ, शेवटी ते पुन्हा छान होतात." असे म्हणून तिने तपकिरी काढून फिकट भाऊ परत लावले. त्या घटकेला मला दोरीसकट खाली कोसळावेसे वाटले. पण फळ्याच्या हातात काय असते?

सोमवारी संध्याकाळी घरच्यांनी एकत्र बसून देवाचे काहीतरी करायचे, अशी या लोकांची रीत आहे. बाप्तिस्म्याच्या आठवड्यात मैत्रेयीने घरी गोष्ट सांगावी म्हणून सिस्टर पिअर्सने मला अनुराधाबरोबर पाठवले. असा मी त्यांच्या हॉलमध्ये सोफ्याला टेकून बसलो. त्या घरात मैत्रेयीची आजी होती. सरोजआजी, रमणची आई, सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेली. तिच्या हातात वाटी होती आणि वाटीत साय, बेसन, हळद.

"ये गं मैतू, तोंड पुढे कर. काय करपलीय बाई पोर इथल्या उन्हानं!"

मैत्रेयी शहाण्यासारखी पुढे बसली. "आजी, पण दिस इज द लास्ट वीक हं. सॅटरडेनंतर लागणारच नाही."

"का गं?"

"थांब, दाखवते." ती उठली. तिने तपकिरी भाऊ माझ्यावर लावला. "ही मी. आत्ता." मग तो काढून फिकट लावला. "अँड दिस इज मी, पाण्यातून बाहेर आल्यावर."

अनुराधा पांढऱ्या झग्याला इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी ठेवली. "मैतू, कोणी सांगितलं तुला हे?"

"क्लासमध्ये. ते म्हणाले आय मॅच." मग आईचा चेहरा पाहून तिनेच समजूत घातली, "इट्स ओके आई, इट कम्स ऑफ."

रमणने लॅपटॉप मिटला. "म्हणून सांगत होतो, या लोकांच्या नादाला लागू नकोस. घे आता!"

"आणि आपले लोक रे?" अनुराधाचा आवाज चढला. "मला बघून गेलेल्या सहा स्थळांनी काय कळवलं होतं? मुलगी हुशार आहे, पण रंगात कमी. मी तिथे का गेले माहितीये? त्या बायका म्हणाल्या, देवाला सगळी लेकरं सारखी. मला कोणी असं म्हटलंच नव्हतं आजवर." मग ती सासूकडे वळली. "आई, मैतूच्या वेळी मला पाचवा महिना होता. नातवंडं तरी रमणच्या रंगावर जाऊ देत, असं तुम्हीच म्हणाला होतात. मी स्वयंपाकघरात होते. मला ऐकू आलं होतं."

सरोजआजीच्या हातातली वाटी तशीच राहिली. "मी आपलं प्रेमानं लावते गं," ती म्हणाली. मैत्रेयी अर्ध्या गालाला बेसन लावलेली, एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत उभी होती. त्यानंतर मला कोणी हात लावला नाही. पाच दिवस मी भिंतीकडे तोंड करून होतो.

शनिवार आला. अनुराधाने काय करायचे ते ठरवले नव्हते. पोरीचा हिरमोड करणे तिच्या जिवावर येत होते आणि असल्या समजुतीवर तिला पाण्यात उतरवणेही पटत नव्हते. वेळेच्या तासभर आधी ती मला काखेत मारून, मैत्रेयीला आणि आजीला घेऊन चर्चमध्ये आली. रमण नेहमीप्रमाणे गाडीत राहिला, पण त्याने कॉमेंट्री लावली नव्हती.

हौदाच्या खोलीत नळ सुटला होता. टॉवेल रचत एक म्हातारी उभी होती. मी तिला लगेच ओळखले. हुइया! बहात्तर वर्षांची झाली होती, सगळे तिला नॅनी हुइया, म्हणजे हुइयाआजी, म्हणत. तिनेही मला ओळखले. ती "किया ओरा" असा माओरी नमस्कार करायला तोंड उघडत होती, ते माझ्यावर चिकटलेल्या फिकट भावाकडे पाहून मिटले. इतक्यात सिस्टर पिअर्स आली. अनुराधाने सोमवारची सगळी हकिगत सांगितली. बिचारी सिस्टर रडकुंडीला आली. "मला असं मुळीच म्हणायचं नव्हतं. मी जुनं टिपण वाचलं फक्त. आणि आता तर चर्च हे मानतही नाही."

"ते जाहीर झालं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या," हुइया म्हणाली. "आणि या कपाटाशी आलेच नाही. ते टिपण माझ्या हातचं आहे. दोघे भाऊ माझ्या स्कर्टचे आहेत. मला माहीत होतं मी काय कापतेय."

ती गुडघे दुखत असतानाही मैत्रेयीसमोर खाली बसली. दोन्ही हात पुढे केले. "मी आठ वर्षांची असताना नदीत बाप्तिस्म्याची बुडी मारली, पोरी. मलाही तुझ्यासारखंच वाटलं होतं. बाहेर आल्यावर आधी हात पाहिले. बघ, आहे तोच रंग आहे. तो जात नाही. जायला ती घाण नाहीये. मी तुझ्यासारख्या कितीतरी मुलांना खोटं शिकवलं. मला माफ कर."

सगळ्यांना हायसे वाटले. सिस्टर पिअर्सने डोळे पुसले. अनुराधाने लेकीच्या केसांवरून हात फिरवला. आता पोर हसेल, असे मलाही वाटले. मैत्रेयी हुइयाचे हात उलटसुलट करून बराच वेळ पाहत राहिली. मग ती आईकडे वळली.

"सो... मी अशीच राहणार?"

सरोजआजीला इंग्रजी फारसे समजत नसे, पण शेवटचे तीन शब्द मराठीत होते. तिने पुढे होऊन नातीला पोटाशी धरले आणि ती स्वतःच हुंदके देऊ लागली. अनुराधाने जाऊन नळ बंद केला. "आज नाही," ती म्हणाली. "पाणी सोडून द्या."

निघताना हुइयाने माझ्यावरची आणि पाकिटातली सगळी माणसे काढून बाकावर मांडली. "यातला तुला हवा तो घेऊन जा," ती मैत्रेयीला म्हणाली. तिच्या मनात काय होते, ते मला कळत होते. स्कर्टचा तो तुकडा तिने जरासा पुढेही सरकवला होता. मैत्रेयीने दोन्ही रंगांच्या भावांना बोट लावून पाहिले. मग एक फिकट उचलला, मुठीत घट्ट धरला आणि गाडीकडे पळाली.

हुइयाने दोन्ही तपकिरी भाऊ आपल्या पिशवीत टाकले. टिपण तिने तिथेच फाडले.

याला चार वर्षे झाली. बेडेकर मंडळी पुन्हा चर्चमध्ये आली नाहीत. हुइया गेल्या हिवाळ्यात वारली. सिस्टर पिअर्स आजही शिकवते, पण कोणतीही गोष्ट सांगण्याआधी ती समोर बसलेल्या मुलांचे चेहरे एकदा नीट पाहते. मी पुन्हा कपाटात आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शेवटी मला जपा, अशी विनवणी करायची असते. मी ती करणार नाही. माझे फ्लॅनेल विरले तर विरू द्या. जपायचेच असेल तर समोरच्या मुलाला जपा. त्याच्या गालाला साय लावताना, त्याला देवाची गोष्ट सांगताना, थट्टेत त्याला काळ्या अशी हाक मारताना जरा थांबा. माझ्यावरचे माणूस दोन बोटांनी निघते. मैत्रेयीच्या मनावर लावलेले हुइयाला काढता आले नाही, आईला काढता आले नाही.

मैत्रेयी आता बारा वर्षांची असेल. तो फिकट भाऊ अजून तिच्याकडे असणार. कुठे भेटली तर तिच्याकडून तो मागून घेऊ नका. तिला नकोसा झाला की ती स्वतः टाकून देईल. कपाटाचे दार वाजले की मी अजून कान देतो, आणली असेल का तिने तो परत म्हणून. अजून तरी आणलेला नाही.