कागदाखालचा कागद

हौसाबाई कीर्तनात माझ्या मागेच बसायची. मी पूर्णा गावचा निवृत्त मास्तर, टाळकरी. बुवांचं निरूपण रंगलं की सगळा मंडप टाळ्यांनी दणाणायचा, पण हिचा अंगठा कायम चिंधीत बांधलेला. विचारलं तर म्हणायची, "विळीवर कापला." बारा वर्षं कापतोय? संशय यायचा, पण देवाच्या दारात कुणाला काय खोदून विचारायचं!

या माघात तिच्या पायाची करंगळी काळी पडली. साखरेचा आजार. भिवंडीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बोट दोन दिवसांत काढलं तर पाय वाचेल. बाई दोनदा दारातून माघारी आली.

"सुरीला भितेस गं?" मी विचारलं.

"सुरीला? कोयता लागला तरी भात कापलाय मी. मना कागदाची भीती हाय."

तिसऱ्या खेपेला तिचा पुतण्या मितेश तिच्यासोबत मलाही गाडीत घालून घेऊन गेला. काकीसाठी एवढी धावपळ का करतो, हे मलाही कळेना. बाईची शेवटची जमीन त्याच्या गोदामाच्या भिंतीला लागून आहे, हे साऱ्या गावाला ठाऊक.

वॉर्डात खारबावची क्षितिजा सिस्टर संमतीपत्र घेऊन आली. "आजी, इथं अंगठा. आणि हे काय, अंगठ्यालाही जखम? साखरेत ती पण चिघळेल हं." बाई हात ओढेपर्यंत तिनं चिंधी सोडली.

आत अंगठा धडधाकट. ओरखडासुद्धा नाही.

मितेश हसला. "काकी, काय नाटक!"

"नाटक तुझ्या बापानं केलं," बाई म्हणाली. "वरचा कागुद रस्त्याला जागा द्यायचा होता. खाली दुसरा होता, त्याच्यावं पण अंगठा घेतला. शेत गेलं."

मितेशचं हसू तिथंच विरलं. मी टाळकरी माणूस, पण त्या क्षणी मला हातांचं काय करावं कळेना.

क्षितिजा मात्र रागावली नाही. तिनं पॅडची क्लिप उघडली, कागद काढून उघड्या गादीवर ठेवला, पॅड उलटंपालटं करून दाखवलं. "बघा, खाली काही न्हाय."

"मंग वाच."

ती वाचायला लागली, तशी बाईनं अडवलं. "तू नको. मितेश वाचंल. बुवा सांगतान तसा. एकेक शब्द, आनि त्याचा अर्थ."

मितेश वाचू लागला. अडखळत, घाम पुसत. "'उजव्या पायाची शस्त्रक्रिया'... म्हणजे ऑपरेशन."

"थांब. पाय लिवलाय का बोट?"

मी चष्मा चढवून पाहिलं. पायच लिहिलं होतं! सिस्टर डॉक्टरांना घेऊन आली. ते म्हणाले, "बरोबर पकडलंत, आजी." त्यांनी 'पायाची' खोडून 'पायाच्या करंगळीची' लिहिलं. "वर पू गेला असेल तर पुन्हा तुम्हाला विचारल्याशिवाय हात लावणार नाही," हेही खाली लिहून सही केली.

"आनि ही मोकळी जागा?"

डॉक्टरांनी तिथं आडवी रेघ मारली.

बाई तरी अंगठा पुढे करीना. शाईचा डबा उघडा, सिस्टर घड्याळाकडे बघतेय. माझ्या मनात विठ्ठल विठ्ठल चाललेलं.

"नातेवाईकाची सही कुठं?"

"ही इथं, शेवटी," सिस्टर म्हणाली.

"मितेश, आधी तू कर. त्या खेपेला आधी माझा अंगठा होता आनि तुझ्या बापाची सही मागनं."

मितेशनं सही केली. मग खाली बसून, तिच्या दुखऱ्या पायाला धक्का न लावता, कागद तिच्या मांडीवर धरला. दोन्ही हातांनी, कोपरे ताणून.

हौसाबाईनं अंगठा शाईत बुडवला आणि स्वतःच टेकवला. कुणी तिचा हात धरला नव्हता.

मितेशनं खिशातला रुमाल पुढे केला. तिनं तो घेतला नाही, जुन्या चिंधीनंच शाई पुसली. मग चिंधी त्याच्याच हातात दिली.

"टाक ही," म्हणाली. "आनि कागदाची एक कापी मास्तरांकडं दे. तुझ्याकडं नको."