दुर्गाघाटचा फुटबॉल

मित्रांनो, मी एक फुटबॉल आहे. वयानं फार म्हातारा नाही, पण दगडावर खेळलेला चेंडू लवकर जुना होतो.

माझा जन्म जालंधरचा. एका बाईनं ओसरीवर बसून, मला गुडघ्यांत घट्ट धरून शिवलं. पेटीत बसून बनारसला येताना मी हिरव्या गवताची स्वप्नं पाहत होतो. पण मला विकत घेतलं दुर्गाघाटच्या ढुंढिराजशास्त्र्यांनी, आपल्या लेकीसाठी, मालविकासाठी. हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंतींना लागतील, एवढीच त्यांची गल्ली. समोरच्या घरात रुची राहायची. तिची आई अंबिकाबाई तिथंच खाली पूजेच्या सामानाचं दुकान चालवायची. मी आलो त्या संध्याकाळपासून मी दोघींचा झालो.

मला उंच उडवायचं नाही, हा तिथला पहिला नियम. उंच गेलो की गच्चीवरच्या माकडांच्या हाती पडायचो, नाहीतर घाटावरून थेट गंगेत. म्हणून दोघी मला पायाशीच ठेवायला शिकल्या. रुचीच्या पायात तर जादू होती. समोरून गाय येवो की दर्शनाला निघालेल्या बायकांचा घोळका, मी तिच्या पायापासून सुटायचो नाही. पावसाळ्यात गंगा पायऱ्या गिळायची आणि खेळ बंद पडायचा. थंडीत आम्ही नावेतून पलीकडच्या रेतीवर जायचो. तिथं जागा भरपूर, पण वाळूत मी उसळायचोच नाही.

शहरातल्या एका कॉलेजात मुलींचा फुटबॉल संघ होता. निवड झाली की प्रवेश, हॉस्टेल, पुढे खेळाच्या कोट्यातून नोकरीची आशा. विश्वजीत सर तिथले कोच. आपली जुनी जीप घेऊन ते मुली शोधत फिरायचे. रेल्वे कॉलनी, छावणी, मोकळ्या मैदानांची गावं, सुट्टीत पार झारखंडच्या डोंगरांपर्यंत जायचे. आमच्या गल्लीत जीप शिरत नाही, म्हणून सरही कधी शिरले नाहीत.

मालविकाची शरदिनीआत्या रेल्वे कॉलनीत राहायची. बारावीच्या वर्षी शनिवार-रविवार मालविका तिच्याकडे जाऊ लागली आणि तिथल्या मैदानावर लांब किक मारायला शिकली. संघाची निवड चाचणी जवळ आली तशी आत्या म्हणाली, "सर पहिल्यांदा राहतेस कुठे तेच विचारतात. पत्ता माझा सांग."

"आणि रुचीनं?" मालविकानं विचारलं.

"एका घराचा पत्ता दोघी कशा सांगणार? संशय येईल त्यांना."

मालविकानं हे रुचीला सांगितलं. रुची मला पायाखाली घोळवत म्हणाली, "असू दे. मी आपला खरा सांगेन. खेळ बघतीलच ना?"

चाचणीच्या दिवशी मी रुचीच्या जाळीच्या पिशवीत होतो. मित्रांनो, त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा गवत पाहिलं.

सर एकेकीला विचारत होते, "कहाँ से?" मालविका म्हणाली, "रेलवे कॉलोनी, सर." रुची म्हणाली, "दुर्गाघाट." सरांनी मान वर केली नाही. लांब किकमध्ये मालविकाचा चेंडू अर्ध्या मैदानापार गेला. रुचीचा फार अलीकडे पडला. झारखंडच्या दोन मुली हसल्या.

मग छोट्या संघांचा सामना झाला आणि हसणं थांबलं. रुचीच्या पायातला चेंडू कुणालाही काढता येईना. सरांनी शिट्टी तोंडातून काढली. एकच जागा उरली होती. मालविकाचं नाव आधीच पक्कं झालं होतं. ती याच शहरातली म्हणून सर तिच्याकडे वळले.

"इसे जानती हो?"

रुची जवळच उभी होती, धापा टाकत. मालविकानं तिच्याकडे पाहिलं, मग सरांकडे. हो म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार होता, कशी ओळखतेस म्हणून.

"नहीं सर," ती म्हणाली. "सुना है, गली में अच्छा खेलती है."

सरांनी शिट्टी पुन्हा तोंडात धरली. "गली की लड़की को मैदान सिखाने में दो साल जाते हैं. मेरे पास दो साल नहीं हैं."

दोघी एकाच ई-रिक्षातून परतल्या. गल्लीच्या तोंडाशी मालविका म्हणाली, "मी घाबरले गं. चेंडू तुझ्याकडेच ठेव. कॉलेजात नवे मिळतात."

रुचीनं मला काखेत धरलं आणि ती घरात गेली. रडली नाही. तिनं जवळच्याच एका कॉलेजात नाव घातलं, जिथं मैदान नव्हतं. दुपारी ती दुकानात बसायची आणि गल्ल्याखाली माझ्यावर पाय ठेवून मला हळूहळू फिरवत राहायची.

पुढच्या वर्षी पूर ओसरल्यावर मालविका संघातल्या तिघींना घाट दाखवायला घेऊन आली. सगळ्यांच्या अंगात सारखे निळे शर्ट. दुकानापाशी थांबून ती म्हणाली, "रुची, चेंडू आण ना. थोडं खेळू." मग मैत्रिणींना म्हणाली, "ये हमारे पड़ोस की है."

आम्ही संकठा घाटावर उतरलो. फरशीवरचा गाळ धुऊन झाला होता, पण खालच्या पायऱ्यांवर हिरवं बुळबुळीत शेवाळ होतं. घाटावर वाढलेल्या पोरीला कुठल्या दगडावर पाय ठेवायचा हे सांगावं लागत नाही. मालविकालाही कधीकाळी सांगावं लागत नव्हतं.

रुचीनं मला घेतलं आणि चौघींना नाचवलं. त्या हसत होत्या, शाबासकी देत होत्या. रुची हसत नव्हती. तिला फक्त मालविका हवी होती. एकदा चकवलं, दोनदा चकवलं, मालविकाचा चेहरा लाल झाला. "आता बघ," असं म्हणून ती जोरात अंगावर आली. रुचीनं क्षणभर खाली पाहिलं, पायरी पाहिली आणि मला कोरड्या बाजूला न नेता त्या हिरव्या बाजूला नेलं. चुकून नाही. पायाखाली असणाऱ्याला ते कळतं.

मालविकाचा पाय सरकला आणि गुडघा उलटा वळला. सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला.

रुची माझ्यावर पाय ठेवून उभी राहिली. बाकीच्या धावल्या. ती धावली नाही.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालता येईल, खेळायचं नाव काढू नका. काही दिवसांनी विश्वजीत सर आले. जीप मोठ्या रस्त्यावर उभी करून त्यांनी फोन केला. ढुंढिराजशास्त्री चालत त्यांच्यापर्यंत गेले. घरी आल्यावर त्यांनी सांगितलं ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. सर म्हणाले होते, "आप यहाँ रहते हैं? हमें तो कॉलोनी बताया था." मग त्यांनी संघाचे कपडे आणि बूट परत मागून घेतले. मालविकाच्या जागी रांचीकडची एक मुलगी आली. रुचीची आठवण त्यांना झाली नाही.

मालविका मग समोरच्या घरात पलंगावर पडून असायची. गल्ली इतकी अरुंद की तिचं कण्हणं दुकानात ऐकू यायचं. एके दिवशी अंबिकाबाई म्हणाल्या, "रुची, त्या पोरीला पायाखाली चेंडू फिरवायचा व्यायाम दिलाय. तिची आई आपला मागतेय."

"देते," रुची म्हणाली.

तिनं मला मांडीवर घेतलं. पंपाची सुई माझ्या तोंडात घातली आणि दोन्ही तळव्यांनी दाबत राहिली. माझ्यातला शेवटचा श्वास जाईपर्यंत दाबत राहिली. मग माझी घडी करून तिनं मला मालविकाच्या आईच्या हातात दिलं.

मालविकानं मला एकदा बोटांनी चाचपलं. पंप आणा असं ती म्हणाली नाही. तिनं मला पलंगाखाली सरकवून दिलं.

मित्रांनो, चेंडूला ऊन दाखवू नका, हवा जपा, असं मी सांगायला हवं. पण चेंडू बाजारात मिळतात. ज्याच्याबरोबर खेळायला शिकलात ते माणूस जपा. इथं पलंगाखाली अंधार आहे. वर एक मुलगी भिंतीकडे तोंड करून पडलेली असते, आणि समोरच्या दुकानात दुसरी मुलगी गिऱ्हाइकांना कापूर बांधून देत असते. दोघींचे पाय अजून आपोआप हलतात.