मुखपृष्ठावर किंचाळणारी बाई

मित्रांनो, मी एक जुनी रहस्यकादंबरी आहे. जुनी म्हणजे किती, ते विचारू नका. बाईला वय विचारू नये, आणि मी तर बाईचीच गोष्ट आहे. माझी नायिका टेलिफोन ऑफिसात नोकरी करते. एके दिवशी तारेवर तिला खुनाचा बेत ऐकू येतो. कोणी विश्वास ठेवत नाही, म्हणून ती एकटीच टॉर्च घेऊन, जिथून तो फोन आला त्या बंगल्यात शिरते.

माझा जन्म एका लहानशा छापखान्यात झाला. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा माणूस माझ्यात इतका रंगला, की हस्तलिखिताची पुढची पानं हातात पडेपर्यंत त्याला चैन पडत नसे. कागद मात्र मला हलका मिळाला. मुखपृष्ठाचं तर नावच नको. चित्रकाराने मला न वाचताच नायिका किंचाळताना काढली. अहो, एकशे ब्याण्णव पानांत ती एकदाही किंचाळत नाही. हा सल माझ्या मनात कायम राहिला.

तिथून मी वाचनालयात आले आणि माझं नशीब उघडलं. परिचारिका, शिक्षिका, कारखान्यातल्या मुली, सगळ्या माझ्यासाठी नंबर लावायच्या. एकीने माझ्यापायी दूध उतू घालवलं. तो डाग मी अजून मिरवते. पण पुढे दिवस पालटले. नव्या गुळगुळीत पुस्तकांपुढे मला कोण विचारतो? शिवण उसवली, शेवटचं पान कुठेतरी गळालं, आणि ग्रंथपालबाईंनी मला रद्दीच्या गठ्ठ्यात टाकलं.

गठ्ठा बांधायच्या आधी एक शिवणकाम करणारी बाई आली. तिच्या सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्यांवर पट्टी होती. वाचून दाखवायला काहीतरी हवं म्हणून तिने मला ओढून काढलं.

"आठ दिवसांसाठी न्या," ग्रंथपालबाई म्हणाल्या, "पण परत आली की ती रद्दीतच जायची आहे."

मी तिच्या पिशवीत गेले ती दिवस मोजतच.

त्या घरात सासूसुनेचं विळ्याभोपळ्याचं सख्य. बोलणं कामापुरतं. पण रोज दुपारी शिलाई मशीन थांबवून सून मला मोठ्याने वाचू लागली.

"आधी दाराला कडी घाल गं," सासूबाई सांगायच्या. "मधेच कोणी टपकलं की सगळी मजा जाते."

सातव्या दिवशी खलनायकाने नायिकेला तळघरात कोंडलं आणि पानच संपलं. सुनेने पाहिलं, पुढचं पान नव्हतंच. मग पान उलटल्याचा आवाज करून ती न अडखळता पुढे सांगू लागली: खलनायक खाली उतरला, तशी नायिकेने टॉर्च विझवली, अंधारात त्याच्या बाजूने निसटून ती वर आली, दाराला बाहेरून कडी घातली आणि स्वतःच पोलिसांना फोन लावला.

सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ही कादंबरी मी लग्नाआधी वाचलीय. शेवटी इन्स्पेक्टर येऊन तिला सोडवतो."

सून ओशाळली. "शेवटचं पान नव्हतं, आई. तुमचा हिरमोड होईल म्हणून…"

"तो शेवट मला तेव्हाही पटला नव्हता. इतकी धीट पोर, आणि ऐनवेळी दुसऱ्याची वाट बघत बसते? तुझंच बरोबर आहे. लिहून काढ. आणि हो, ती एकदाही किंचाळली नाही, हेही त्यात घाल."

इतक्या वर्षांचा माझा सल त्या एका वाक्याने गेला.

सुनेने ते पान सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि जाड दोऱ्याने मला पुन्हा शिवलं. आठव्या दिवशी तिने मला परत नेलं, तेव्हा ग्रंथपालबाईंनी ते उभ्याउभ्याच वाचलं. मग खुर्ची ओढून पुन्हा वाचलं, आणि मला फळीवर ठेवलं.

मित्रांनो, पान गळालेलं एखादं पुस्तक हाती आलं, तर ते टाकण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, पुढे काय झालं होतं. आठवत नसेल तर दोघं मिळून ठरवा.

त्या दोघींचे उपकार मी विसरलेली नाही. मला कुठेही ठेवा, मी आपली त्या हाताने लिहिलेल्या पानावरच उघडते. सुनेने मला शिवलंच तसं आहे.