शेवटचा पाना

आमच्या धंद्यात एक नियम आहे आणि तो मी गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो: गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहिल्याशिवाय शेवटचा पाना मारायचा नाही. जॅकवर असताना बोल्ट नुसते बसवून घ्यायचे, मग गाडी खाली सोडायची, तिचं वजन तिच्यावर पडू द्यायचं आणि पुन्हा तिच्याखाली शिरून एकेक बोल्ट कचकून आवळायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. माझं पुढचं सगळं या म्हणीतच आलं.

पिकअप बायकोची. तिची रोपवाटिका आहे. रोपं, कुंड्या, खताची पोती, सगळं ती स्वतः गाडी चालवून पोचवायची. गाडी चार इंच उंच करायची हौस मात्र माझी. "मला कशाला उंच गाडी? मला कुंड्या चढवायच्यात, डोंगर नाही चढायचा," ती म्हणाली. मी म्हटलं, "तुला त्यातलं काय कळतंय? बघशील लोक कसे वळून बघतील ते." लोक वळून बघणार होते माझ्या कामाकडे, हे मी बोललो नाही. गाडी जॅकवरून खाली आली तेव्हा शेजारचा फोटोवाला व्हिडिओ काढायला तयारच होता. मी बॉनेटवर हात ठेवून ऐटीत उभा राहिलो, टाळ्या झाल्या, आणखी तिघांनी त्यांच्या गाड्यांचं विचारलं. पुन्हा खाली शिरायचं राहूनच गेलं.

दहा-बारा दिवसांनी ती पांढरीफटक होऊन घरी आली. सत्तरच्या वेगाला एका लहानशा खड्ड्यावरून चाक गेलं आणि स्टीअरिंग दोन्ही बाजूंना असं गदागदा हलायला लागलं की तिला आवरेना. मागच्या निम्म्या कुंड्या फुटल्या. मी लगेच गाडी काढली, गावाबाहेर चक्कर मारून आलो. काही नाही. टायरवाल्याकडे नेली, त्याने चारही चाकं मशीनवर फिरवून पाहिली आणि म्हणाला, "चाकांत काडीचा दोष नाही." तेव्हा मी चारचौघांत हसून बोललो, "मग गाडीला काही झालेलं नाही, चालवणारीचेच हात थरथरत असतील."

सगळे हसले. ती हसली नाही. माझ्या सासूबाई कंपवाताने गेल्या. शेवटची पाच वर्षं त्यांना घासही भरवावा लागायचा, आणि तो हिनेच भरवला होता. मला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. जीभ सैल सुटली, एवढंच म्हणून मी स्वतःला सोडून दिलं.

यापुढचं सांगायला जास्त जड जातं. आठवडाभराने मीच पिकअप घेऊन सामान आणायला गेलो होतो. पुलावरच्या सांध्यावरून पुढची चाकं गेली आणि स्टीअरिंग माझ्या हातात पिसाळलं. कोपरापर्यंत हात झिणझिणले. कडेला थांबून मी पाच मिनिटं नुसता बसून होतो. घरी आलो तर तिने दारातच विचारलं, "हलली का हो?" तिच्या तोंडावर इतकी आशा होती! आणि मी म्हटलं, "छे. मला तर काहीच जाणवलं नाही."

का म्हटलं? ते तिघे गाड्या घेऊन येणार होते म्हणून. आणि 'तुला काय कळतंय' असं ज्या तोंडाने म्हटलं होतं, त्याच तोंडाने कबूल करायचं कसं म्हणून. दुसऱ्या दिवशी ती रोपवाटिकेत असताना मी स्टीअरिंगला हादरे शोषणारा जास्तीचा एक शॉकॲब्सॉर्बर बसवून टाकला. दुखण्यावर फडकं बांधलं. ते टिकलं तीन आठवडे, मग पुन्हा तिच्याच हातात गाडी हलली. त्या दिवशी तिने चावी खुंटीला अडकवली ती अडकवलीच. रोपं भाड्याच्या टेम्पोने जाऊ लागली आणि मोडून पोचू लागली. गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. मी बघत होतो.

काल थोरल्या मेहुणीचा फोन आला. एरवी ती 'काय जावईबापू' करून चिडवल्याशिवाय बोलायला सुरुवात करत नाही. काल तिने सरळ विचारलं, "ती उद्या संध्याकाळी नसांच्या डॉक्टरकडे चाललीय, तुम्हाला सांगितलंय का? आईचं माझ्यात आलंय म्हणून रडत होती."

फोन ठेवला आणि समोर चहाचा कप होता. अर्धाच. गेले दोन महिने ती मला अर्धाच कप चहा देत होती आणि मी मनात म्हणत होतो, ही दुधात काटकसर कशाला करते? ती कप भरत नव्हती, कारण आणताना हिंदकळला तर मला दिसेल. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

आज गॅरेजला सुट्टी. जेवण झाल्यावर मी पिकअप अंगणात सपाट जागेवर घेतली. खरी तपासणी जॅकवर होतच नाही. चाकं जमिनीवर हवीत, इंजिन चालू हवं आणि कुणीतरी स्टीअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं हलवत बसायला हवं. दुसऱ्याने खाली झोपून एकेका सांध्यावर बोट ठेवायचं. बोट खोटं सांगत नाही. हे दोन महिन्यांपूर्वी करायचं होतं, दहा मिनिटांचं काम.

"वर बसशील का? स्टीअरिंग हलवायचंय," मी म्हटलं.

"माझे हात चालतील?" तिने विचारलं. टोमणा नव्हता. खरंच विचारत होती.

"चालतील," मी म्हटलं आणि तिच्याकडे न बघता खाली शिरलो.

ती हलवू लागली. रॉडच्या टोकांवर बोट ठेवलं, घट्ट. चाकांचे सांधे घट्ट. मग तो तिरका दांडा, जो पुढच्या ॲक्सलला बाजूला सरकू देत नाही. त्याचं वरचं टोक मीच स्वतः वेल्डिंग केलेल्या पट्टीत अडकवलेलं. तिथे बोट ठेवलं आणि टक्. टक्. स्टीअरिंग हलेल तसा बोल्ट भोकात सरकत होता. सरकून सरकून भोक अंडाकृती झालं होतं. पाना लावला तर बोल्ट आरामात फिरला. शेवटचा पाना मारलेलाच नव्हता.

वरून आवाज आला, "सापडलं का?"

पाना हातातच होता. आत्ता आवळला असता, संध्याकाळी पट्टी बदलली असती आणि टायरवाल्याच्या नावावर बिल फाडलं असतं तर कुणाला कळणार होतं? हे माझ्या मनात आलं. आलं नाही असं म्हणणार नाही.

मी बाहेर आलो. "खाली ये. तू बोट ठेव, मी हलवतो."

ती गोणपाटावर आडवी झाली. नखांत माती होती. मी वर बसून स्टीअरिंग हलवलं.

"हे हलतंय," ती म्हणाली.

"हो."

"स्टीअरिंग आत्ता तुमच्या हातात आहे ना?"

"हो."

"तरी हलतंय. कधीपासून?"

"मी बसवल्यापासून. आवळायचा राहिला माझ्याकडून."

गाडीखालून फक्त तिचे पाय दिसत होते. ते अजिबात हलत नव्हते. "तुम्ही चालवलीत तेव्हा कधीच नाही ना हलली?"

हाच प्रश्न येऊ नये म्हणून मी मनात देव पाण्यात घालून बसलो होतो. "हलली," मी म्हटलं. "पुलावर. तू दारात विचारलंस ना, त्याच दिवशी."

ती बाहेर आली. रडेल, ओरडेल असं वाटलं होतं. तिने नळावर हात धुतले, आत गेली आणि पर्समधून डॉक्टरची चिठ्ठी आणून माझ्यासमोर धरली. "नंबर रद्द करा. तुम्ही करा."

मी फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "रद्द का करताय? पेशंटला बरं वाटतंय का?"

"पेशंटला काही झालंच नव्हतं."

"मग नंबर कशाला घेतला होता?"

बायको हाताची घडी घालून समोर उभी होती. मी म्हटलं, "नवरा खोटं बोलत होता म्हणून."

"बरं," मुलगी म्हणाली, "केला रद्द."

"आता गाडी उतरवा," बायको म्हणाली. "चारच्या चार इंच. चढताना माझा गुडघा दुखतो. पहिल्या दिवसापासून दुखतोय."

ती आत गेली. थोड्या वेळाने चहा घेऊन आली, एकच कप, काठोकाठ भरलेला. कपाकडे न बघता अंगण ओलांडून आली आणि पायरीवर बसून प्यायली.

"तुमचा ओट्यावर आहे. आणा जाऊन."

मी आत गेलो. माझाही कप तिने काठोकाठ भरला होता. दोन्ही हातांनी धरून निघालो, तरी अंगणात येईपर्यंत निम्मा चहा बशीत सांडला होता.