निळ्या मादीच्या फेऱ्या

सायकलची घंटा वाजली तसा कामीलने नोटरीच्या पाठीवरून भराभर ओला हात फिरवला. केस बसले, निळसर राखी रंग जरा उजळला. पण एवढं करूनही ससा म्हाताराच दिसत होता. 'नोटरी' हे नाव रोझाने ठेवलेलं, त्याच्या गंभीर तोंडाकडे बघून. रोझा, कामीलची बायको, जाऊन आता बराच काळ लोटला होता.

"जावईबापू जागे आहेत का?" फाटकातून लिओंतीनचा आवाज आला. "लेकीला आणलंय. पुन्हा!"

मादीला नराकडे न्यायचं, नराला मादीकडे कधी नाही. आपल्या पिंजऱ्यात ती त्याला ओरबाडून काढते. म्हणून ज्याच्याकडे चांगला नर, त्याच्याकडे माणसांचं येणंजाणं. कामीलच्या आजोबांच्या काळी सिंट-निक्लास गावाच्या आसपास घरोघरी निळे ससे असत. कातडी घेणारा दर आठवड्याला दारात येई आणि अंगणात टोपल्यांची गर्दी होई. आता कातडी कोणी विचारत नव्हतं. निळे ससे पाळायचे ते हौसेपोटी, आणि तेही मोजक्याच लोकांनी. कामीलच्या दारी येणारी त्यांतली एकटी लिओंतीन. तिचाही नवरा गेलेला, मुलगा अँटवर्पला.

नोटरीच्याने आता काही होत नाही, हे कामीलला गेल्या हिवाळ्यापासून ठाऊक होतं. सांगायला फार शब्द लागले नसते. पण सांगितलं की ती बेव्हरेनच्या हेक्टरकडे जाणार. त्याचा नर तरुण होता, प्रदर्शनात पहिला आलेला. मग या फाटकाशी थांबणार फक्त पोस्टमन, तोही वीजबिल आलं तर. म्हणून दर वेळी कामील म्हणायचा, "तुम्ही आत जाऊन कॉफी ठेवा, मी बघतो इथलं." थोड्या वेळाने हात पुसत आत जायचा आणि सांगायचा, "झालं." महिन्याभराने मादी रिकामीच निघायची आणि लिओंतीन पुन्हा यायची.

तिने टोपली बाकावर ठेवली, डोक्याचा रुमाल सोडला.

"गावात काय म्हणतात माहितीय? कामीलच्या सशाला पेन्शन लागलीय म्हणे."

कामीलने मान वर केली नाही. "लोकांना कामं नाहीत."

"मीही तेच म्हटलं. आज चेरीचा केक आणलाय, गेल्या वेळेसारखा करपलेला नाही. बशा कुठे आहेत ते सांगू नका, मला माहितीय."

ती आत गेली. कामीलने मादीला बाहेर काढलं, मांडीवर घेतलं. सवयीने एक हात पोटाखाली गेला, बोटं हलकेच दाबली गेली.

बोटांखालून काहीतरी गोल सरकलं. मग दुसरं. मग त्याला लागून आणखी एक.

त्याने पुन्हा चाचपलं. पंधरा-एक दिवसांची पिल्लं अशीच लागतात, गोट्यांसारखी. लिओंतीन शेवटची आली होती ईस्टरच्या आधी, वाल पेरलाही नव्हता तेव्हा. आता परसातला वाल काठीच्या टोकाला पोचला होता. सशाची मादी पोट वागवते ते जेमतेम महिनाभर. म्हणजे ही पिल्लं हेक्टरकडची.

आतून बशांचा आवाज येत होता. ती काहीतरी गुणगुणत होती, मध्येच थांबून चमचा शोधत होती. नोटरी आपल्या पिंजऱ्यात पानकोबीचा देठ चावत बसला होता. कामीलने मादीला त्याच्याकडे नेलंच नाही. तिला उराशी धरून तो तसाच बसून राहिला, कॉफीचा वास अंगणात येईपर्यंत. मग उठला, कोठारातून वाळलेलं मऊ गवत मूठमूठ आणून टोपलीत जाड अंथरलं आणि तिला अलगद आत ठेवलं.

"काय म्हणतात जावई?" लिओंतीनने कप पुढे सरकवत विचारलं.

'झालं' हा शब्द अगदी जिभेवर आला होता.

"आज रुसलेत," कामील म्हणाला. "पुन्हा आणावी लागेल."

लिओंतीन केक कापत होती. सुरी क्षणभर थांबली, मग चालू लागली.

"लाडावून ठेवलंय तुम्ही त्याला," ती म्हणाली आणि मोठा तुकडा त्याच्या बशीत घातला.

दोघांनी दुसरा कपही घेतला. हेक्टरबद्दल ती बोलली नाही आणि त्याने विचारलं नाही. बोलले ते वालाबद्दल, गोगलगाईंबद्दल, अँटवर्पच्या मुलाच्या न येणाऱ्या फोनबद्दल.

निघताना तिने टोपली उचलायला हात घातला आणि तो गवतावरच राहिला. किती जाड आहे ते बघावं तसा तिने तळवा दाबला. कामील सायकलच्या मागच्या कॅरियरचा पट्टा ओढत होता.

"दगडी रस्त्याने नका जाऊ," तो पट्ट्याकडे बघत म्हणाला. "धक्के बसतात. बांधावरून जा."

"लांब पडतं ते."

"पडू दे."

ती सायकलवर बसली नाही. हँडल धरून, एक हात टोपलीवर ठेवून बांधाच्या दिशेने चालत निघाली. वळणापाशी थांबली आणि मागे न बघता ओरडली,

"पुढल्या गुरुवारी आणते!"