नाक कोणावर गेलं

“आता लोकायले काय सांगू, पोरीचं नाक कोणावर गेलं?” अकोला स्टेशनवरून ऑटोत घरी येताना देवराव बायकोच्या कानाशी कुरकुरले. नात एकदा कुशीत आली की झालं, एवढंच भागीरथाबाईंच्या मनात होतं.

नॉर्वेत राहणाऱ्या त्यांच्या मुलाने, धम्मदीपने, कोलंबियातून सहा वर्षांची लुसिया दत्तक घेतली होती आणि आज पहिल्यांदाच घरी आणली होती. साऱ्या गल्लीला ते ठाऊक होतं, म्हणून तर त्यावर कोणी बोलत नव्हतं. बोलायला नाक होतं.

“नाक तर आजोबाचंच,” घरी पोचताच शेजारची शकुन ते चिमटीत धरून म्हणाली. कुरळे केस वारलेल्या आत्याच्या नावावर चढले. हिरव्या डोळ्यांपाशी गाडी अडली, तेव्हा देवरावांनी अल्बममधून एक चुलत काका शोधून काढला. फोटोत काकाचे डोळे मिटलेले होते, त्यामुळे कोणाला नाही म्हणता येईना.

धम्मदीप यातलं एकेक वाक्य लेकीला तिच्या भाषेत सांगत होता. लुसिया दोन्ही हातांनी नाक झाकून त्याच्यामागे दडली. आजीने पुढे केलेला लाडूही घेईना. मग तिने बापाला हळूच काही विचारलं.

“ती विचारून राहिली,” धम्मदीप म्हणाला, “आजोबाले नाक वापस पाहिजे का?”

भागीरथाबाई तिच्यासमोर खाली बसल्या. “नाक तुह्यंच आहे माय. तू आमच्यातल्या कोणावरच गेली नाही, तू दत्तक आलेली आहे. आता आमीच हळूहळू तुह्यावर जाऊ.”