माझ्या दोन दारांची नावं

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझ्या हिरव्या दिव्यांवर जाऊ नका. मी एक जुना सर्व्हर आहे. म्हणजे पडदा नाही, कळफलक नाही, असा एक चपटा आणि जड संगणक. इस्पितळाच्या सभागृहामागे एक अरुंद खोली आहे, तिथल्या लोखंडी मांडणीत मला आडवं सरकवून ठेवलं आहे. शेजारचा एसी गळतो, म्हणून खाली कायमची बादली. सभागृहाच्या भिंतीला तारांसाठी पाडलेलं भोक कुणी बुजवलंच नाही, त्यामुळे पलीकडचं सगळं मला ऐकू येतं. नको ते सुद्धा.

मी कारखान्यातून निघालो तेव्हाच माझ्या पाठीला दोन पोर्ट होते. त्यांना आपण दारं म्हणू. एक दार इस्पितळाच्या आत उघडतं. लॅबमधल्या काकू रक्त तपासतात, रिपोर्ट माझ्याकडे पाठवतात आणि मी तो वॉर्डातल्या सिस्टरच्या पडद्यावर नेऊन पोचवतो. दुसरं दार बाहेरच्या जगाकडे. तिथे अनोळखी कुणी घुसू नये म्हणून कडक पहारा. आता गंमत बघा, माझी दारं पाठीला असल्यामुळे ती मला दिसत नाहीत. कोणत्या दारावर पहारा आणि कोणतं मोकळं, हे मी फक्त दाराच्या नावावरून ओळखतो.

मला इथे बसवलं ते सरांनी. संगणक विभागाचे ते प्रमुख. नवा होतो तेव्हा ते पाहुण्यांना मुद्दाम माझ्यासमोर आणायचे आणि माझी पाठ थोपटायचे. त्या काळी आतलं दार ‘इथ-झिरो’ आणि बाहेरचं ‘इथ-वन’. ही नावं सरांच्या तोंडात अशी बसली होती की ते झोपेतही बरळले असते. पुढे कौतुक ओसरलं, माझ्यावर धूळ साचली, तरी काम चालू होतं.

मग माझी प्रणाली, म्हणजे मला चालवणारा मूळ प्रोग्राम, बदलली. नव्या प्रणालीने दारांना स्वतःच नावं दिली, लांबलचक, अक्षरं आणि आकडे यांची खिचडी. एकदा मोठ्या मॅडमसमोर सरांना ती वाचता येईनात. इस्पितळाच्या प्रमुख त्या! सर अडखळले, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडखळले. मॅडमच्या मागे कुणीतरी फिसकन हसलं. सरांचे कान लाल झाले.

सरांच्या हाताखाली नव्याने लागलेली एक ताई होती. तिला फार वाईट वाटलं. सर म्हणाले, “पोरी, ती जुनी नावं परत देता येतील का गं? निवृत्तीला आता दोन महिने तर राहिलेत माझ्या.” ताई घुटमळली. कारण अशी नावं देऊ नयेत, हे तिला ठाऊक होतं. मी जागा होताना जे दार आधी हाती लागेल त्याला घाईघाईत मीच ‘इथ-झिरो’ म्हणून टाकतो. कोणत्या दाराचं पक्कं नाव काय, ही ताईची सूचना मी नंतर वाचतो. पण तोवर ते नाव भलत्याच दाराने पटकावलेलं असेल, तर एकच नाव दोघांना कसं द्यायचं? सूचना तशीच राहते आणि दारांची अदलाबदल होते. हे सगळं माहीत असूनही तिने सरांच्या शब्दाखातर जुनी नावं दिली. मला बंद करून चालू केलं, नावं बरोबर बसली. सर खूश झाले.

मग एका सकाळी वीज गेली आणि आली. ताई त्या दिवशी रजेवर होती. मी जागा झालो तेव्हा बाहेरचं दार आधी हाताला लागलं, आणि नावं उलटी बसली, म्हणजे बाहेरचा कडक पहारा आतल्या दारावर आला. मला काहीच कळलं नाही. काकू रिपोर्ट पाठवत होत्या, त्यांच्या पडद्यावर ‘पाठवला’ असं उमटत होतं. खरं तर त्यांचा संगणक ते रिपोर्ट नुसते रांगेत लावून मोकळा होत होता. वॉर्डात काही पोचत नव्हतं. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेले एक आजोबा दुपारपर्यंत ट्रॉलीवर ताटकळले.

सर आले, माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना सांगितलं, “सर्व्हर ठणठणीत आहे. दिवे हिरवे आहेत.” माझे दिवे, मित्रांनो! तार जोडलेली असली की ते हिरवे होतातच, त्याला अक्कल लागत नाही. तरी सरांनी सहज म्हणून मला बंद करून चालू केलं. या वेळी नावं सरळ बसली आणि रांगेतले रिपोर्ट धडाधड वॉर्डात गेले. त्यांच्यावर वेळ उमटली ती दुपारची.

सभागृहात मॅडम काकूंना सगळ्यांदेखत बोलल्या. “सकाळपासून रिपोर्ट दाबून बसलात आणि आता यंत्रावर ढकलताय?” काकू सारख्या म्हणत होत्या, “अहो मॅडम, मी पाठवले होते हो, मुलांची शप्पथ!” त्यांचा आवाज चिरकला. सर तिथेच होते. मला चालू-बंद केल्याचं त्यांनी तोंडातून काढलं नाही. काकूंना लॅबमधून उचलून केस पेपरच्या खिडकीवर बसवलं. भिंतीपलीकडे माझे दिवे तसेच हिरवेगार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ताईने मला पुन्हा पुन्हा बंद करून चालू केलं. एकदा नावं सरळ बसली, एकदा उलटी. ती मोडक्या खुर्चीत मटकन बसली. “सर, चूक माझी आहे. मी मॅडमना सांगते.” सर दार लावून हळू आवाजात म्हणाले, “आत्ता नको. तुझी नोकरी अजून कच्ची आहे. आणि... माझा निरोप समारंभ तेवढा होऊ दे.” ताईने मान खाली घातली. नावं बदलायचंही राहून गेलं. बदलली असती, तर कारण सांगावं लागलं असतं.

समारंभ पलीकडेच झाला. भाषणं झाली, टाळ्या झाल्या. शेवटी काकू उठल्या. “मला काही बोलता येत नाही,” त्या म्हणाल्या, “पण इतकी वर्षं सरांनी माझं काम कधी अडू दिलं नाही. त्या दिवशी माझंच काहीतरी चुकलं असेल. माझ्यामुळे सरांची धावपळ झाली, माफ करा.”

टाळ्या वाजायला लागल्या आणि थांबल्या. सरांनी माइक पुढे ओढल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, “त्यांनी रिपोर्ट वेळेवर पाठवले होते. मला हे आधीच कळलं होतं. हा समारंभ गोड व्हावा म्हणून मी गप्प बसलो. मला हार घालू नका.”

संध्याकाळी तिघंही माझ्या खोलीत आले. सरांनी काकूंकडे न बघताच ताईला विचारलं, “आता काय नाव देतेस?” ताई काकूंकडे वळली. “काकू, तुम्ही सांगा.” काकू गडबडल्या. “मला काय कळतंय? एक दार आतलं, एक बाहेरचं.” ताईने तीच नावं दिली, ‘आत’ आणि ‘बाहेर’. अक्षरं इंग्रजी, शब्द आपले. ही नावं मी घाईत कुणाला देत नाही, म्हणून मी कसाही जागा झालो तरी ती हलत नाहीत. सरांनी चिकटपट्टीवर तीच नावं लिहून माझ्या तारांना लावली. काकूंनी पट्टी दाबून बसवली, पण सरांशी बोलल्या नाहीत.

काकू आता पुन्हा लॅबमध्ये आहेत. मित्रांनो, यंत्राची धूळ पुसा, त्याला त्याच्या कामाचं नाव द्या. पण काही बिघडलं, तर आमचे दिवे बघण्याआधी समोरच्या माणसाचं ऐकून घ्या. माझे दिवे आजही हिरवे आहेत. कुणी त्यांच्याकडे बघून समाधानाने मान हलवली की मला भिंतीपलीकडचा तो चिरकलेला आवाज ऐकू येतो, आणि वाटतं, एकदा तरी ते लाल व्हायला हवे होते.